बँड ए

पत्र आलं तेव्हा हल शहरात येऊन मला अकरा दिवस झाले होते.
तपकिरी पाकीट, नाव चुकलेलं, बावसर,
आणि आत एकच ओळ ठळक:
तुमचं घर, बँड ए.

बँड म्हटल्यावर मला ढोलच ऐकू आला,
चाळीसगावात नगरपालिका
थकबाकीदाराच्या दारात वाजवायची तो.
ढोलवाले दोघे, एक शिपाई,
आणि कडेला, पावतीपुस्तक काखेत, मान खाली,
माझे वडील.
पट्टीवाले भावसार.
त्या दिवशी रस्त्यात भेटले तर ओळख दाखवायचे नाहीत.

मी पडदा ओढला. पत्र गादीखाली सारलं.
नव्या माणसाला तेवढंच सुचतं.

शेजारच्या ग्लेनिसनं समजावलं शेवटी,
दारातच, ओल्या सपातांत:
अगं, बँड म्हणजे पायरी. ए म्हणजे सगळ्यात खालची.
एक एप्रिल एक्याण्णवला हे घर केवढ्याला गेलं असतं, त्यावरून ठरते.
आणि एकटीच राहतेस ना? मग चार आणे माफ.
चार आणे मी म्हणते. ती पंचवीस टक्के म्हणाली.

एक एप्रिल एक्याण्णव.
त्या तारखेला मी दोन दिवसांची होते.

तिसऱ्या वर्षी अण्णा आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर.
बॅग उघडायच्या आधी म्हणाले, घरपट्टी दाखव.
आणि वाचली,
एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्याची फाइल वाचतो तशी,
बोट ओळीखाली, ओठ हलवत.
पोलिसांचे इतके. आगीच्या बंबाचे इतके.
म्हाताऱ्यांच्या देखभालीचे वेगळे.
"हे बरंय. आम्ही दिवाबत्ती कर घ्यायचो.
खांब नसलेल्या गल्लीकडूनही."

मग बोट थांबलं.
दहा हप्ते, एप्रिल ते जानेवारी.
फेब्रुवारी कोरा. मार्च कोरा.
"मार्चअखेर नाही?"
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते दोन एप्रिलला,
वसुलीचा भरणा करून आल्यावर.
आई हे सांगायची तेव्हा ते पेपर उघडायचे.

सातव्या आठवड्यात चहा घेताना म्हणाले,
"आपण दोघं राहतो. कळव त्यांना.
ही सवलत आता लबाडीची झाली."
अण्णा, पाहुणे धरत नाहीत.
"तू धरणारी कोण? फोन लाव."

चाळीस मिनिटं पियानो वाजला.
मग एक मुलगा, सर्दी झालेला:
वडिलांचं कायमचं घर भारतात आहे ना?
मग ते गणतीत नाहीत.

फोन स्पीकरवर होता.
अण्णांना इंग्रजी थोडंच येतं. तेवढं आलं.

अडतीस वर्षं त्यांनी माणसं गणतीत धरली:
पोटभाडेकरू, माळ्यावरचा विद्यार्थी,
पत्र्याच्या शेडमधली म्हातारी.
चूल वेगळी तर खातं वेगळं.
ती म्हातारी शिव्या द्यायची, आणि दर साली
पावती जपून ठेवायची. तिच्या नावाचा
तेवढा एकच कागद होता तिच्याकडे.

जेवताना बोलले नाहीत.
मीही डाळीत मीठ कमी आहे हे सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मात्र
माझी लोकरीची टोपी घालून बाहेर पडले.
निळी कचरापेटी ढकलत कडेला नेली,
मूठ रस्त्याकडे करून, ग्लेनिस लावते तशी.
मग ग्लेनिसची.
मग पलीकडच्या टक्कल केलेल्या पोराची, न विचारता.
खिडकीतून मी बघत होते:
प्रत्येक पेटी ठेवल्यावर दोन पावलं मागं येऊन
रांग सरळ आहे का पाहत होते.

आत आले. नाक लाल, बोटं गार.
"आठ घरांच्या पेट्या बाहेर नाहीत," म्हणाले,
आणि बिलाच्या पाकिटावर मागच्या बाजूनं
लिहून आणलेले नंबर माझ्यापुढं ठेवले.
"कुणाला द्यायचे ते तू बघ."